पंचनाम्याआधी पोचलेली मदत

आपल्याकडे पुराची मदत पंचनाम्यानंतर येते. पाणी ओसरतं, तलाठी आणि ग्रामसेवक घरोघर फिरतात, किती भिंती पडल्या, किती जनावरं दगावली ते लिहून घेतात आणि मग केव्हातरी खात्यावर रक्कम जमा होते. 2019च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली असताना मोफत धान्याचा एक शासन निर्णय बराच गाजला. घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असलं तर धान्य, अशी त्यात अट होती. टीका झाली ती त्या दोन दिवसांवर. आधी नुकसान, मग मोजदाद, मग मदत या क्रमावर मात्र कोणी फारसं बोललं नाही.

2020 साली बांगलादेशात हा क्रम उलटा करून पाहिला गेला. त्या जुलैमध्ये जमुना नदीचा पूर शिगेला पोचण्याच्या आधीच कुरीग्राम आणि गायबांधा या जिल्ह्यांतल्या हजारो गरीब कुटुंबांच्या मोबाइलवर 4,500 टका जमा झाले. तेव्हाच्या हिशेबाने आपले साधारण चार हजार रुपये. पैसा संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीचा, वाटप जागतिक अन्न कार्यक्रमाचं. हे पैसे कशावर खर्च करायचे, याची अट नव्हती.

पूर येणार हे इतक्या खात्रीने कळलं कसं? खरं तर खात्री नव्हतीच. होती ती शक्यता, आणि कितपत शक्यता असली की पैसे सोडायचे हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

जमुना म्हणजे आपली ब्रह्मपुत्राच. बांगलादेशात शिरल्यावर तिचं नाव बदलतं. तिचं पाणलोट क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरहून मोठं, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. अरुणाचल, आसामात कोसळलेला पाऊस खाली उतरायला काही दिवस घेतो. गुवाहाटी, गोलपाडा, धुबरी इथल्या पातळ्या भारत बांगलादेशाला कळवतो, त्यामुळे वरून येणारं पाणी मोजून खाली चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी नेमका अंदाज देता येतो. त्याहून आधीचं सांगायचं तर अजून न पडलेल्या पावसावर बोलावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

वातावरणाच्या आजच्या स्थितीच्या मोजमापात राहिलेली बारीकशी चूक दहा दिवसांत फुगून मोठी होते. म्हणून युरोपातलं हवामान केंद्र एकच अंदाज काढत नाही. सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून तेच गणित 51 वेळा सोडवलं जातं. त्या 51 पावसांवरून नदीतले 51 संभाव्य प्रवाह निघतात. यांतल्या निम्म्यांहून अधिकांत बहादुराबादच्या मोजणी केंद्रावर 'पाच वर्षांतून एकदा' येणारा पूर दिसला, की पहिली घंटा वाजते. राजाराम बंधाऱ्यावरचे इशाऱ्याचे 39 आणि धोक्याचे 43 फूट जसे कोल्हापूरकरांना तोंडपाठ असतात, तसं जमुनेच्या पुराच्या हिशेबात या बहादुराबादचं स्थान.

'पाच वर्षांतून एकदा' हा शब्दप्रयोग फसवा आहे. दर पाच वर्षांनी नेमाने येणारा पूर असा त्याचा अर्थ होत नाही. कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता 20 टक्के, एवढंच. सलग दोन वर्षं येऊ शकतो. पाच वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यताही 67 टक्क्यांच्या आसपासच भरते. दरवर्षीचं पाणी जमुनाकाठच्या लोकांना नवं नाही, त्यावर त्यांची शेती चालते. त्यासाठी मदतीचा निधी उघडायचा नव्हता.

पहिली घंटा 4 जुलैला वाजली. त्यावर फक्त तयारी: याद्या तपासणं, मोबाइल खाती जुळवणं. 11 जुलैला बांगलादेशाच्या पूर अंदाज केंद्राच्या जवळच्या अंदाजानेही ठरलेली मर्यादा ओलांडली आणि काही तासांत निधी मोकळा झाला. बैठक नाही, पाहणी दौरा नाही. कोणत्या आकड्याला किती पैसे आणि ते कोणाला, हे सगळं कोरड्या दिवसांत ठरलेलं होतं. मला या प्रकरणात संगणकाच्या गणितापेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची वाटते. अंदाज आपल्याकडेही येतात. अंदाज आला म्हणून आपोआप सुटणारा पैसा दिसत नाही.

साडेचार हजार टक्यांनी होतं काय? पाणी चढताना नदीतल्या बेटावरच्या माणसापुढे कोणते पर्याय असतात ते पाहा. होडीचं भाडं नाही, म्हणून निघायला उशीर. वैरण नाही, म्हणून गाय येईल त्या भावाला विकायची. व्यापाऱ्यालाही गरज कळत असते. घरात तांदूळ नाही, म्हणून सावकाराकडे. पूर महिन्याभरात जातो, व्याज आणि विकलेली गाय वर्षभर छळतात. पैसे आधी हातात पडले तर हे सौदे टळू शकतात. बहुतेकांनी ते मुख्यतः खाण्यापिण्यावर खर्च केले.

पुढे संशोधकांनी पैसे मिळालेल्या आणि न मिळालेल्या कुटुंबांची तुलना केली. पुराच्या काळात अख्खा दिवस उपाशी काढावा लागण्याची शक्यता पैसे मिळालेल्यांत 36 टक्क्यांनी कमी होती. तीन महिन्यांनंतरही त्यांच्या घरी मुलं आणि मोठी माणसं तुलनेने बरं खात होती, चीजवस्तूंचं नुकसान कमी होतं आणि महागडी कर्जंही कमी.

आता पूर आलाच नाही तर? शक्यतेवर पैसे सोडायचे म्हटल्यावर काही वेळा ते 'फुकट' जाणारच. पण फुकट म्हणजे पावसाळ्याच्या ऐन टंचाईत, हाताला काम नसताना, गरीब घरात चार हजार रुपये जाणार. एवढी चूक परवडायला हरकत नसावी. लेखापरीक्षणात ती कशी दाखवायची, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि बऱ्याच सरकारांचं घोडं तिथेच अडतं.

चक्रीवादळात हे जसंच्या तसं चालत नाही. वादळ नेमकं कुठे धडकणार हे दोन-तीन दिवस आधी कुठे स्पष्ट होऊ लागतं. 1970च्या भोला वादळात किमान तीन लाख माणसं गेली, त्यानंतर बांगलादेशाने भोंगे आणि झेंडे घेऊन किनाऱ्यावर फिरणारे हजारो स्वयंसेवक आणि निवारे उभे केले. 2020च्या मे महिन्यात अम्फानच्या वेळी तिथे वीस लाखांहून जास्त लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांत राहिली. तिथे जीव वाचवायला पैशापेक्षा भोंगा आधी लागतो.

आणि ईशान्य बांगलादेशातल्या सिल्हेटसारख्या भागात तर पाच दिवसही मिळत नाहीत. 17 जून 2022च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत मेघालयातल्या चेरापुंजीला 972 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथल्या डोंगरावरून बांगलादेशाच्या सपाटीवर उतरायला पाण्याला दिवस नाही, तास लागतात. त्याच सुमाराला सिल्हेट बुडालं, वीज आणि मोबाइल सेवाही कोलमडल्या. मोबाइलवर पैसे आले तरी ते काढायला दुकान उघडं हवं आणि फोनला चार्जिंग हवं. जमुनेवरची पद्धत इथे उचलून आणली तर ती अपुरीच पडणार. इथे निर्णय अंदाजाच्याही आधी, पावसाळ्याच्या तोंडावर घ्यावा लागेल आणि होड्या, औषधं, क्लोरीनच्या गोळ्या गावांत आधीच ठेवाव्या लागतील.