सिकलसेलचं प्रत्यारोपण आणि ऑटिझमचं ‘स्टेम सेल’

राजेहो, हा घोळ एकदाचा मिटवू.

गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्ततपासणी, कार्ड, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, थंडीत उठणारी हाडांची कळ, सारं घरचंच. एखाद्या पोराचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं अन् ते बरं झालं, हेही कानावर असतं. मग कुणीतरी म्हणतंच, "स्टेम सेलनं सिकलसेल जाते, तर ऑटिझम काऊन नाही जाणार?"

स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी; हाडातल्या मज्जेत त्या असतात. म्हणून दोन्हीकडे कमरेच्या हाडात सुई जाते, दोन्हीकडे गोष्ट लाखांची. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांतही दोन्ही आहेत. साम्य एवढंच.

सिकलसेलमध्ये बिघाड कुठं आहे ते पक्कं ठाऊक आहे: हिमोग्लोबिनच्या एका जनुकात. लाल पेशी बनतात मज्जेत. म्हणून आधी जबर औषधं देऊन पोराची मज्जा रिकामी करतात, मग जुळणाऱ्या भावाची किंवा बहिणीची मज्जा चढवतात. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पोराच्या स्वतःच्या पेशी जशाच्या तशा परत देऊन काही होत नाही. न उगवलेलं सोयाबीनच पुन्हा पेरल्यागत ते.

ऑटिझममध्ये बदलायचं काय? बिघडलेली अशी एक पेशीच नाही. मेंदूची घडण जन्माआधीपासून वेगळी, त्यात शेकडो जनुकांचा हात. अन् दवाखान्यात बहुधा करतात काय, तर पोराच्याच मज्जेतल्या पेशी काढून पाठीच्या मणक्यातून आत सोडतात. नवा मेंदू त्यातून उगवत नाही. मेंदूतली सूज कमी होईल, अशी आशा असते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची चाचणी घेतली. २०२० साली निकाल आला: लोकांत मिसळण्याच्या ज्या मोजमापासाठी चाचणी होती, त्यात नुसतं खोटं औषध दिलेल्या मुलांच्या तुलनेत ठोस फरक नाही.

"पण त्यांचं पोट्टं बोलायला लागलं ना!" लागलं असेल. त्याच महिन्यांत स्पीच थेरपीही चालू होती, अन् पोट्टं वाढतही होतं. खोट्या औषधाचा गट ठेवतात तो याचसाठी.

माझं डोकं सर्वांत जास्त फिरतं ते "ट्रायल आहे, पैसे भरा" यावर. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या सूचना सरळ आहेत: ठरावीक रक्तविकार वगैरे सोडले तर स्टेम सेल हा उपचार नाही, संशोधन आहे, अन् संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नसतो. २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानंही ऑटिझमसाठी याची शिफारस नाही, असं सांगितलं. पावती फाडली म्हणजे तो धंदा, मग पांढरा कोट कितीही कडक इस्त्रीचा असो.

वावर विकायच्या आधी जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. अठरा वर्षांखालच्या पोरांसाठी ते फुकट आहे. अन् ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्याचा अर्जही भरून टाका; वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही बसते.