पिस्तूल कंपनीकडे, मालक ताटकळत: अमेरिकेतल्या बंदूक-रिकॉलची पार्श्वभूमी

अमेरिकेत एखाद्या कंपनीने सदोष पिस्तूल परत मागवलं की खरी पंचाईत होते ती सूचना पाळणाऱ्या मालकाची. वापर ताबडतोब थांबवा, पिस्तूल आमच्याकडे पाठवून द्या, असं कंपनी कळवते. तो पाठवतो. मग महिने उलटतात आणि फोनवर एकच उत्तर मिळत राहतं, अजून थोडा वेळ लागेल. किती वेळ, हे सांगायचं बंधन कंपनीवर नाही. ताटकळणाऱ्या मालकांच्या संतापाचं मूळ एखाद्या कंपनीच्या ढिलाईत शोधून भागत नाही, त्यासाठी १९७२ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने ग्राहक उत्पादन सुरक्षा कायदा केला आणि एक आयोग स्थापन केला. पाळणे, खेळणी, शिड्या, विजेची उपकरणं अशा घरगुती वस्तू धोकादायक ठरल्या, तर त्या परत मागवायला लावण्याचा अधिकार आयोगाला मिळाला. बंदुका आणि काडतुसं मात्र व्याख्येतूनच बाहेर राहिली. करकायद्याच्या कलम ४१८१ खाली ज्या वस्तूंवर कर लागतो त्या 'ग्राहक उत्पादन' नव्हेत, अशी ती तरतूद आहे, आणि ते कलम पिस्तुलं, रिव्हॉल्वर, इतर बंदुका व काडतुसांचं. यामागे मिशिगनचे खासदार जॉन डिंगेल यांचा पुढाकार होता. ते स्वतः शिकारी होते आणि नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या संचालक मंडळावरही होते.

मोटारीही या कायद्यातून वगळल्या होत्या, पण त्यांच्यासाठी १९६६ पासून वेगळा सुरक्षा कायदा होता. औषधांसाठीही स्वतंत्र यंत्रणा होती. बंदुकांसाठी तसं काही उभं राहिलं नाही. एटीएफ हे केंद्रीय खातं विक्रेत्यांचे परवाने आणि विक्रीच्या नोंदी तपासतं, पण देशात बनलेल्या पिस्तुलाची रचना सुरक्षित आहे की नाही, हे तपासणं त्याच्या कामात बसत नाही. पिस्तुलाच्या गोळ्यांवर बंदी घालावी अशी मागणी पुढे आयोगाकडे आली. १९७४ मध्ये न्यायालयाने आयोगाला तिचा विचार करायला सांगितलं, तेव्हा १९७६ मध्ये काँग्रेसने दुरुस्ती करून तीही वाट बंद केली. परिणामी छऱ्याच्या एअरगनवर आयोग कारवाई करू शकतो (२००१ मध्ये त्याने डेझी कंपनीवर ती केलीही), खऱ्या पिस्तुलावर नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय? मोटारीच्या रिकॉलमध्ये गाडी दुरुस्तीला दिल्यावर ६० दिवसांत काम झालं नाही, तर वाजवी मुदत उलटल्याचा तो सकृद्दर्शनी पुरावा धरला जातो, आणि मालकाला बदली गाडी किंवा पैसे मागता येतात. बंदुकीच्या रिकॉलला अशी मुदतच नाही. रिकॉल कधी करायचा, त्याला काय नाव द्यायचं आणि बदली माल केव्हा पाठवायचा, हे सगळं कंपनी ठरवते.

रेमिंग्टनच्या आर-५१ पिस्तुलाचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. बंदूक-रचनाकार जॉन पेडरसन यांच्या जवळपास शंभर वर्षं जुन्या रचनेवर बेतलेलं हे पिस्तूल कंपनीने २०१४ च्या सुरुवातीला बाजारात आणलं, छापील किंमत ४२० डॉलर. या रचनेत स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या आत ब्रीच-ब्लॉक हा काडतुसाला मागून आधार देणारा वेगळा ठोकळा असतो. गोळी उडाली की दोन्ही मिळून किंचित मागे सरकतात, मग ठोकळा अडतो आणि स्लाइड त्याला उचलून पुढचं काम करते. सुरुवातीच्या पिस्तुलांमध्ये हा ठोकळा पुरता बसण्याआधीच गोळी सुटू शकत होती. तसं झालं तर काडतुसाच्या बुडाला आधार राहत नाही, ते फुटतं आणि तप्त वायू हाताशीच बाहेर पडतो. जुलै २०१४ मध्ये कंपनीने पिस्तुलं परत मागवली आणि नवं आर-५१, दोन जादा मॅगझिन व एक खास पेटी द्यायचं कबूल केलं. ऑक्टोबरपर्यंत उत्पादन पुन्हा सुरू होईल, असंही सांगितलं. सुधारलेलं पिस्तूल प्रत्यक्षात २०१६ मध्ये आलं.

मधल्या काळात मालकाने दुसरं एखादं मॉडेल घेऊन मोकळं व्हावं, तर तेही तितकं सोपं नाही. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार दुरुस्त केलेली किंवा त्याच जातीची, त्याच प्रकारची बदली बंदूक कंपनी थेट मालकाच्या घरी पाठवू शकते. वेगळंच मॉडेल द्यायचं झालं, तर ते परवानाधारक विक्रेत्यामार्फत, अर्ज आणि पार्श्वभूमी-तपासणी करूनच द्यावं लागतं. त्यामुळे मूळ मॉडेलचं उत्पादन थांबलं की बदलीची सरळ वाटही अडते.

मग उरतं न्यायालय. ब्राझीलच्या टॉरस कंपनीची पिस्तुलं खाली पडल्यावर आपोआप सुटतात, अशी तक्रार होती. २०१५ च्या तडजोडीत नऊ मॉडेलची सुमारे दहा लाख पिस्तुलं आली, आणि पिस्तूल परत करणाऱ्याला जास्तीत जास्त २०० डॉलर देण्याचं ठरलं. रेमिंग्टनच्या मॉडेल ७०० आणि तशाच इतर रायफलींच्या ट्रिगरवरचा सामूहिक दावा २०१७ मध्ये मंजूर तडजोडीपर्यंत पोहोचला. त्यावरचं अपील निकाली निघेपर्यंत, मार्च २०१८ मध्ये, कंपनीने दिवाळखोरीचा अर्जही केला होता. माझ्या मते हा मार्ग फार उशिराचा आहे. शिवाय सदोष बंदूक या सगळ्या काळात कुणाच्या तरी कपाटात असतेच.

कंपनीने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे रुगर या बंदूक कंपनीने दाखवलं. १९५३ ते १९७२ दरम्यानच्या तिच्या सिंगल-अॅक्शन (हॅमर दर वेळी हाताने मागे ओढायच्या) रिव्हॉल्वरमध्ये हॅमरवर, म्हणजे गोळी उडवणाऱ्या घोड्यावर, आघात झाला तर त्याखालचं काडतूस उडण्याचा धोका होता. १९७३ च्या नव्या मॉडेलमध्ये ट्रान्सफर बार, म्हणजे ट्रिगर दाबला तरच हॅमरचा ठोका पुढे पोहोचवणारी पट्टी, बसवून तो दूर केला. १९८२ पासून जुन्या रिव्हॉल्वरमध्येही सुरक्षित भाग फुकट बसवून द्यायला तिने सुरुवात केली. काढलेले मूळ भाग मालकाला परत मिळतात, कारण संग्राहकांना ते हवे असतात. इतकी आस्था मला फार कमी रिकॉलमध्ये दिसते.

१९७२ ची ती सूट काढून टाकण्यासाठी पुढे विधेयकं आली. जॉन डिंगेल यांच्या पत्नी डेबी डिंगेल २०१५ मध्ये त्यांच्याच जागेवर खासदार झाल्या, आणि सदोष बंदुका आयोगाच्या कक्षेत आणण्यासाठी त्यांनीही पुढाकार घेतला. विधेयक मंजूर झालं नाही.