बुरशीजन्य फुप्फुसरोगांची अँटिजेन चाचणी

फुप्फुसात वाढणाऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेतून किंवा आवरणातून सुटलेले अंश (अँटिजेन) रक्तात, लघवीत अथवा श्वासनलिकेतल्या द्रवात शोधणारी तपासणी. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहताना, ती उगवायला दिवस, कधी आठवडे लागतात आणि पुष्कळदा ती उगवतच नाही. ही चाचणी प्रयोगशाळेत काही तासांत पुरी होते.

अ‍ॅस्परजिलस बुरशीसाठी गॅलॅक्टोमॅनन ही बहुशर्करा शोधतात. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, आधी उकळतात. त्यातली प्रथिने अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजतात आणि वर सुटलेला स्वच्छ द्रव तपासला जातो. चाचणीतल्या रसायनांनी त्याला निळा रंग येतो आणि शेवटी आम्ल घालताच तो पिवळा होतो. पिवळा जितका गडद, तितका इंडेक्स, म्हणजे ठरावीक प्रमाण-नमुन्याशी तुलना करून काढलेला आकडा, जास्त. सीरमचा 0.5 इंडेक्स बराच काळ सीमारेषा मानला गेला. 2020 च्या संशोधन-व्याख्येत एकट्या सीरमसाठी ती 1.0 झाली. बुरशीविरोधी औषध सुरू असेल तर चाचणी चुकून निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्त आधीच घेतलेले बरे. क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या बुरशीचे अँटिजेन साध्या पट्टीवर कळते, हिस्टोप्लाझ्मा या आणखी एका बुरशीचे लघवीत चांगले सापडते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात भिजून कुबट झालेली पिंजर (भाताचा पेंढा) किंवा गुऱ्हाळावरचा चिपाडाचा ढीग उपसताना बुरशीचे बीजाणू नाकातोंडात जाणे नवे नाही. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. खरा प्रश्न टीबी होऊन गेलेल्यांचा. बऱ्या झालेल्या फुप्फुसात पोकळी उरते, तिच्यात अ‍ॅस्परजिलसचा गोळा वाढतो, बेडक्यातून रक्त पडते, वजन उतरते. घरचे म्हणतात, ‘टीबी उलटला’. आणि बेडक्यात जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू होतात. हे थांबायलाच हवे. अशा वेळी गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह आले म्हणून बुरशी नाही, असे मुळीच समजू नये: पोकळीतल्या बुरशीचे अंश रक्तात फारसे उतरत नाहीत. तिथे सीटी स्कॅन आणि अ‍ॅस्परजिलस आयजीजी ही अँटिबॉडी चाचणी लागते. अँटिजेन बुरशीचे, अँटिबॉडी रुग्णाच्या शरीराची. नावे जवळची असल्याने नेमकी कोणती चाचणी हवी, ते चिठ्ठीवर पूर्ण लिहावे.

2021 मध्ये घरोघरी माहीत झालेल्या म्युकरमायकोसिसला मात्र गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन (अनेक बुरशींच्या पेशीभित्तिकेतली दुसरी बहुशर्करा) या दोन्ही चाचण्या पकडत नाहीत. त्यासाठी बाधित भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.