यूजीसी-केअर यादी

प्राध्यापकांची नेमणूक, पदोन्नती, पीएच.डी. अशा कामांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ग्राह्य धरलेल्या संशोधन नियतकालिकांची यादी. ‘केअर’ हे ‘कन्सॉर्शियम फॉर ॲकॅडेमिक अँड रिसर्च एथिक्स’ या नावाचे लघुरूप. या संघाची घोषणा नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, यादी १४ जून २०१९ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिके तपासण्याचे मुख्य काम पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील प्रकाशन-नीती केंद्रात चाले. महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये मात्र एवढे लांब नाव कोणी घेत नसे. ‘तुमचा पेपर केअरमध्ये आहे का?’ इतकेच विचारले जाई.

संशोधन-प्रकाशनाचे नीतिनियम जगात बहुतेक ठिकाणी संपादकांनी आपणहून घडवले. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले आणि हस्तलिखितांसाठी त्यांनी समान नियम ठरवले. निबंधाचा लेखक नेमके कोणाला म्हणायचे याचे निकषही पुढे याच गटाने घातले. ब्रिटनमधील वैद्यकीय संपादकांनी १९९७ मध्ये ‘कोप’ (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) ही प्रकाशन-नीतीची समिती स्थापन केली. वाङ्मयचौर्य, बनावट आकडे, एकच निबंध दोन ठिकाणी छापणे, काम न करता सहलेखक होणे, पैशाचे हितसंबंध लपवणे, यांपैकी कशाची तक्रार आली तर संपादकाने पायरीपायरीने काय करावे, याचे तक्ते या समितीने तयार केले. नोकरी घालवण्याचा किंवा बढती रोखण्याचा अधिकार यांपैकी कोणाकडेच नव्हता. संपादकांचा एकमेकांवरचा वचक हेच त्यांचे बळ. भारतात हा विषय संपादकाच्या टेबलावरून आला नाही, तो आस्थापना विभागाच्या फाइलीतून आला. केअर यादीचे गुण आणि दोष दोन्ही समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

पार्श्वभूमी : यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे केले. पाठोपाठ २०१० मध्ये प्राध्यापकांच्या निवडीसाठी व बढतीसाठी ‘एपीआय’ ही गुणपद्धती आली. तीत तज्ज्ञांकडून निबंधांचे परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातील निबंधाला १५ गुण होते, आणि तसे परीक्षण नसलेल्या, पण आयएसबीएन किंवा आयएसएसएन क्रमांक असलेल्या ‘मान्यताप्राप्त व प्रतिष्ठित’ नियतकालिकातील निबंधाला १०. प्रतिष्ठा मोजायची कशी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. क्रमांक मात्र मुखपृष्ठावर छापलेला दिसत होता. साहजिकच क्रमांक हीच प्रतिष्ठा ठरली.

आयएसएसएन हा खरे तर आठ अंकी ओळखक्रमांक आहे. ग्रंथालयाला एका नावाची दोन नियतकालिके वेगळी ओळखता यावीत, एवढाच त्याचा उपयोग. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातील केंद्राकडून मिळतो आणि तो देताना मजकुराचा दर्जा कोणी तपासत नाही. वाहनाच्या नंबरप्लेटवरून चालकाला गाडी चालवता येते की नाही हे जसे कळत नाही, तसेच हे. तरीही पुढची सात-आठ वर्षे ‘आयएसएसएनवाला पेपर’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत दर्जाचे प्रमाणपत्र म्हणून चालला. दिवसाला चार-पाच तास घेणाऱ्या, प्रयोगशाळा वा धड ग्रंथालय नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकावरही निबंधाची सक्ती आली. मग चर्चासत्रे भरू लागली. उद्घाटन, भोजन, समारोप आणि निबंधांचा जाडजूड विशेषांक असे त्यांचे ठरीव रूप असे. नोंदणी शुल्कातच छपाईचा खर्च धरलेला असे. विशेषांकाच्या मुखपृष्ठावर ‘आंतरराष्ट्रीय’, ‘बहुविद्याशाखीय’ आणि ‘पीअर रिव्ह्यूड’ (तज्ज्ञ-परीक्षित) हे तीन शब्द हटकून असत. त्यात इतिहासाचा निबंध पॉलिमरच्या निबंधाला खेटून बसलेला असे.

बनावट नियतकालिकांची बाजारपेठ : हा धंदा फक्त भारतापुरता नव्हता. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास अशा प्रकाशकांना ‘प्रिडेटरी’, म्हणजे भक्षक, हे नाव दिले व त्यांची यादी चालवली. ती २०१७ च्या जानेवारीत त्यांनी काढून टाकली. विज्ञान-पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये एक लबाडी रचून पाहिली. लायकेनमधील, म्हणजे दगडफुलातील, रेणू कर्करोगाच्या पेशी रोखतो असा ढोबळ चुकांनी भरलेला निबंध त्यांनी खोट्या नावांनी ३०४ मुक्त-प्रवेश (कोणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या) नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. भारतात मूळ असलेल्या नियतकालिकांपैकी ६४ नी तो घेतला, १५ नी नाकारला. घेणाऱ्यांत मुंबईहून चालणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेचे औषधशास्त्राचे नियतकालिकही होते. २०१५ च्या एका अभ्यासात अशा नियतकालिकांतील निबंधांची वार्षिक संख्या २०१० मधील सुमारे ५३ हजारांवरून २०१४ मध्ये सुमारे ४ लाख २० हजारांवर गेल्याचा अंदाज मांडला गेला. लेखक आणि प्रकाशक या दोन्ही बाजूंनी भारताचा वाटा त्यात मोठा होता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने हैदराबादच्या ओमिक्स समूहावर भरलेल्या खटल्यात २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

येथे लेखक फसवला जातो असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. काही जण खरोखर फसतात, विशेषतः पहिल्यांदा लिहिणारे. पण आठ दिवसांत स्वीकृतिपत्र, पैसे भरल्याबरोबर प्रमाणपत्र आणि परीक्षकाचे एकही शेरापत्र नाही, हे पाहूनही ज्याला काही वाटत नाही, त्याला गिऱ्हाईकच म्हणावे लागते. त्याला निबंध नको असतो, गुण हवे असतात.

पहिली यादी आणि पुण्याची तपासणी : गुणपद्धतीच्या गैरवापराला आळा घालण्यासाठी यूजीसीने जानेवारी २०१७ मध्ये ‘मान्य नियतकालिकांची’ पहिली यादी काढली. तीत ३८,६५३ नावे होती. आंतरराष्ट्रीय सूचींतील नियतकालिकांबरोबरच विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नियतकालिकेही तीत घेतली होती, आणि गोम तिथेच होती. ज्यांत आपल्या प्राध्यापकांचे निबंध आधीच छापून आलेले आहेत, तीच नावे पुढे करण्याचा मोह विद्यापीठांना झाला नसता तरच नवल.

पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या या भागातील १,००९ नियतकालिके तपासली. त्यांचा निबंध मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. तपासणीची रीत अगदी साधी होती, आणि म्हणूनच ती परिणामकारक ठरली. पत्ता खरा आहे का? संकेतस्थळ उघडते का? संपादकांची नावे आहेत का, आणि असली तर त्या व्यक्ती त्या पदाला साजेशा आहेत का? आयएसएसएन बरोबर आहे का? ३४.५ टक्के नियतकालिके पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच नसल्याने किंवा चुकीची असल्याने बाद झाली. आणखी ५२.३ टक्के खोटा क्रमांक, खोटा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (इतरांनी केलेल्या उल्लेखांवरून काढलेला प्रभावांक), संशयास्पद सूचींचे दाखले किंवा संपादकांचे तोकडे कर्तृत्व यांमुळे गळाली. या भागातील, कोणत्याही सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. निबंधातला मजकूर वाचण्याची वेळ आलीच नाही, पत्त्यावरच काम भागले. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढली. त्यांत काही चांगली नियतकालिकेही गेल्याने ओरड झाली.

रचना व कामकाज : पटवर्धन त्या काळात यूजीसीचे उपाध्यक्ष झाले होते. पुण्याची तपासणी-पद्धत देशभर लागू करण्यासाठी केअर संघ उभा राहिला; त्यात वेगवेगळ्या विद्याशाखांच्या परिषदा व संस्था सभासद होत्या आणि चार विभागांसाठी चार विद्यापीठे नेमली होती. यादी सुरुवातीला चार गटांत होती, नंतर तिचे दोन गट झाले. केअरच्या तपासणीत उतरलेली नियतकालिके पहिल्या गटात आणि स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींतील नियतकालिके दुसऱ्या गटात. नियतकालिकाला थेट अर्ज करता येत नसे; विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षामार्फत तो पाठवावा लागे. शुल्क नव्हते. यादी दर तिमाहीला अद्ययावत होई, नावे वाढत तशी गळतही. त्यामुळे निबंध पाठवताना यादीत असलेले नियतकालिक तो छापून येईपर्यंत यादीबाहेर गेले, असे व्हायचे. मग संगणकाच्या पडद्याचे चित्र काढून, त्यावर तारीख दिसेल असे छापून, ‘कॅस’च्या, म्हणजे बढती-योजनेच्या, फाइलीला जोडायचे, ही युक्ती प्राध्यापकांमध्ये रूढ झाली. २०१८ च्या बढतीच्या नियमांनुसार महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध लागत, तेव्हा प्रत्येक पानाला किंमत होती.

जुळी नियतकालिके : यादी कडक झाली तसा बनावट नियतकालिकांचा धंदा यादीतच शिरला. यादीतल्या एखाद्या खऱ्या नियतकालिकाचे नाव व आयएसएसएन उचलायचा, त्याच नावाचे संकेतस्थळ उभारायचे आणि पैसे घेऊन निबंध छापायचे. यांना ‘क्लोन’ म्हणतात. केअरला अशा जुळ्यांची वेगळी यादी आपल्या संकेतस्थळावर द्यावी लागली. सर्वांत सोपे सावज म्हणजे फक्त छापील निघणारे, स्वतःचे संकेतस्थळ नसलेले भारतीय भाषांतील नियतकालिक. वर्गणीदारांना टपालाने अंक पाठवणाऱ्या एखाद्या संस्थेच्या संपादकाला आपल्याच नावाने इंटरनेटवर दर महिन्याला शेकडो निबंध निघत आहेत हे कळायचे, तेही कोणी तरी तक्रारीचा फोन केला तरच. आपले नियतकालिक त्रैमासिक आहे आणि त्यात यंत्र-अभियांत्रिकीचे लेख कधीच येत नाहीत, हे समजावत बसण्याची पाळी त्याच्यावर येई.

भाषिक नियतकालिके : मराठीतील ज्ञानव्यवहार मोठ्या प्रमाणावर संशोधन मंडळांच्या त्रैमासिकांतून आणि वैचारिक नियतकालिकांतून झाला. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, वाईच्या प्राज्ञपाठशाळामंडळाचे ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ ही त्यांतली सहज आठवणारी नावे. या परंपरेत परीक्षण नव्हते असे नाही. जाणता संपादक स्वतःच निबंध वाचे, शंका काढी, परत पाठवी, प्रसंगी पत्राने खडसावी. मात्र त्याचा कागदोपत्री पुरावा राहत नसे. केअरच्या तपासणीत परीक्षणाची पद्धत, शुल्काचा उल्लेख, संपादक मंडळाचे संपर्क-तपशील, नीतिविषयक धोरण हे सारे लिहून जाहीर करावे लागे. ही अपेक्षा गैर नव्हती. पण एका खोलीतून, एक मानद संपादक आणि अर्धवेळ कारकून यांच्या भरवशावर निघणाऱ्या अंकाला ती जड गेली. उलट ज्यांना फक्त कागद सजवायचे होते, त्यांनी धोरणाची सुबक पाने उतरवून घेतली. नीतिधोरणच दुसऱ्याचे चोरलेले, असा प्रकारही त्यात आलाच.

संलग्न उपाय : यादीच्या आगेमागेच यूजीसीने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य-प्रतिबंधाचे नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक अशा तीन पायऱ्यांना वाढत्या शिक्षा, शेवटच्या पायरीवर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. सामान्य माहितीचे सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य मोजायचे नाही, अशी सवलतही आहे. साम्य शोधणारी आज्ञावली २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ या योजनेतून विद्यापीठांना मिळू लागली. तिचा भर शब्दसाम्यावर आहे. इंग्रजी पुस्तकातले प्रकरण उचलून मराठीत उतरवले तर ती गप्प बसते. ते पकडायला दोन्ही भाषा वाचणारा मार्गदर्शकच लागतो. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशन-नीतीचा दोन श्रेयांकांचा विषयही सक्तीचा झाला. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची अट काढून टाकली. बनावट नियतकालिकांचे गिऱ्हाईक तोडणारा उपाय म्हणून या एका ओळीचे महत्त्व यादीपेक्षा कमी मानता येणार नाही.

समाप्ती : यादीवरील आक्षेप वाढत गेले. निर्णय एकाच ठिकाणी होतात, नावे घेण्या-वगळण्यास वेळ लागतो, कारणे कळत नाहीत, भारतीय भाषांवर अन्याय होतो, हे त्यांतले मुख्य. त्यापेक्षा मूलभूत अडचण अशी, की यादी नियतकालिकाला मान्यता देते आणि निवड समिती त्यातला प्रत्येक निबंध मान्य धरते. चांगल्या अंकातही कच्चा लेख असतो आणि आडवाटेच्या अंकात एखादा अस्सल. हे पाहण्याचे कष्ट यादीमुळे वाचले. ऑक्टोबर २०२४ मधील बैठकीत आयोगाने यादी थांबवण्याचे ठरवले व ११ फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेने ते जाहीर केले. तिच्या जागी संपादक मंडळ, संपादकीय धोरण, संशोधन-नीती, दृश्यता, प्रभाव अशा आठ गटांत विभागलेले ३६ सूचक निकष देण्यात आले आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी ज्या त्या शिक्षणसंस्थेकडे गेली. पुण्यात २०१८ मध्ये विचारलेले बरेचसे प्रश्न या निकषांत पुन्हा भेटतात. फरक एवढाच, की त्यांची उत्तरे शोधायला आता महाविद्यालयातलीच समिती बसते, आणि ज्यांच्या फाइली टेबलावर असतात ते तिच्या सभासदांचे शेजारच्या खुर्चीवरचे सहकारी असतात.