घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर तो लाडावतो का?

कुत्रा पाळणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. ढग गडगडले किंवा फटाके वाजले आणि कुत्रा थरथरत पलंगाखाली शिरला, की त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. कुरवाळलं, खाऊ दिला तर घाबरण्याचंच बक्षीस मिळतं आणि पुढच्या खेपेला तो जास्त घाबरतो, असं त्यामागचं म्हणणं. सांगणारे अनुभवी असतात आणि तर्कही वरवर पटतो. तरी तो चुकीचा आहे. का चुकीचा, हे कळलं की भीतीवरचे बरेचसे उपाय आपसूक उलगडत जातात.

बक्षिसाने वाढते ती कृती. पंजा दिला की बिस्किट मिळतं हे लक्षात आलं की कुत्रा ऊठसूट पंजा देतो, कारण पंजा उचलायचा की नाही हे तो ठरवतो. भीती कुणी ठरवून वाटून घेत नाही. मोठा आवाज कानावर पडताच मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याचा इशारा देतो, ॲड्रेनालिन सुटतं, हृदय धडधडू लागतं आणि थोड्या वेळाने मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं. यातल्या एकाही पायरीला कुत्र्याची परवानगी लागत नाही. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला चॉकलेट दिलं, म्हणून ते उद्यापासून चॉकलेटसाठी अंधाराला घाबरत नाही, तसंच हे.

त्यात कुत्र्याचे कान. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 45,000 हर्ट्झच्या आसपास. आपल्याला शांत वाटणारी खोली त्याच्यासाठी शांत असेलच असं नाही. फिनलंडमध्ये 13,700 पाळीव कुत्र्यांच्या मालकांना प्रश्नावली देऊन केलेला एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. चिंतेशी निगडित सगळ्या तक्रारींत आवाजाची भीती अव्वल ठरली. जवळपास 32 टक्के कुत्र्यांमध्ये ती होती. म्हणजे तुमचा कुत्रा भित्रा निघाला तर त्यात तुमचं काही चुकलंच असेल असं नाही.

ही भीती किती चिवट असते, याचं जुनं उदाहरण कुत्र्यांच्या शिकण्यावर प्रयोग करणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतलं आहे. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला पूर आला आणि प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्री वाचली, पण काहींच्या वागण्यात मोठा बदल झाला. पूर्वी नीट शिकलेल्या प्रतिक्रिया नाहीशा झाल्या. पुढे त्यांतला एक कुत्रा सावरल्यासारखा दिसू लागला, तेव्हा त्याच्या खोलीच्या दाराखालून थोडंसं पाणी आत सोडण्यात आलं. तेवढ्याने सगळं पुन्हा उफाळून आलं. भीती पुसून टाकता येत नाही, हे पुढच्या संशोधनातही दिसत राहिलं. तिच्यावर दुसरी, सुखाची आठवण चढवता येते, आणि तेवढं पुरतं.

चढवायची कशी? क्रम सांभाळून. आधी आवाज, मग लगेच खाऊ. उलटा क्रम झाला, म्हणजे दर वेळी खाऊ दाखवल्यावर धडाम आवाज झाला, तर हुशार कुत्रा खाऊलाच संशयाने बघू लागतो. शिवाय खाऊ रोजचा नको. एरवी कधी न मिळणारा, वास येताच जीव टाकावा असा हवा. आणि तो मिळवण्यासाठी कुत्र्याने बसावं, गप्प राहावं, अशी अट घालायची नाही. तो भुंकत असला तरी द्यायचा. शिस्तप्रिय मंडळींना हे पचत नाही, पण आपण इथे वागणूक सुधारत नसून त्या आवाजाचा अर्थ बदलत असतो.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात तेव्हा काम करणाऱ्या संशोधक श्टेफानी राइमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना कोणता उपाय लागू पडला, असं विचारलं. 1,200 हून अधिक जणांनी उत्तरं दिली. आवाजानंतर लगेच खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून जास्त लोकांना गुण दिसला. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि कुत्र्याला शांत पडून राहायला शिकवणं हे दोन्ही जवळपास तितकेच उपयोगी ठरले. वनौषधी, होमिओपॅथी, फेरोमोन (कुत्र्याला शांत करण्यासाठी विकले जाणारे गंध) वगैरेंचे आकडे मात्र 35 टक्क्यांच्या वर गेले नाहीत. इतका गुण नुसत्या समजुतीनेही दिसू शकतो. ही मालकांची मतं आहेत, मोजमापं नव्हेत, हे खरं. तरी दुकानातल्या शांत करणाऱ्या बाटलीवर खर्च करण्याआधी ते आकडे आठवावेत.

आता यातली खरी अवघड गोष्ट, मात्रा. आवाज ध्वनिमुद्रित करून घरी ऐकवता येतो, पण सुरुवात इतक्या हळू आवाजाने करायची की कुत्र्याचा कान जेमतेम हलावा. मात्रा चुकली की ओळखू येते. खाऊ पुढे धरला असताना तो आधी हिसकावल्यासारखा, दात लागतील असा घेतो. मग तोंडात घेऊन खाली टाकतो. मग तोंडच फिरवतो. आवडता खाऊ नाकारणारा कुत्रा हट्टी झालेला नसतो, त्याची सहन करायची हद्द ओलांडली गेलेली असते. अशा वेळी तो काही शिकत नाही. आवाज बंद करायचा, त्या दिवसापुरतं थांबायचं आणि पुढच्या वेळी आणखी हळू आवाजापासून सुरू करायचं. ‘एकदा भरपूर ऐकू दे, सवय होईल’ हा मार्ग तर अजिबात नको. त्याने भीती घट्ट होते, किंवा कुत्रा खचून निपचित पडतो आणि आपल्याला वाटतं, झाला शांत.

ताणाच्या खुणा थरथरण्याच्या कितीतरी आधी दिसतात. खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, कान मागे, उकाडा नसताना धाप. ढगांच्या गडगडाटाला घाबरणाऱ्या कुत्र्यांवर 2005 साली झालेल्या एका प्रयोगात वादळाचा आवाज ऐकवल्यावर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तिपटीच्या घरात गेलं आणि 40 मिनिटांनंतरही पूर्वपदावर आलेलं नव्हतं. म्हणून आवाज थांबला की लगेच ‘चल, फिरायला जाऊ’ म्हणून त्याला ओढू नये. पलंगाखाली, कपाटामागे तो स्वतः शोधतो ती जागा त्याला मोकळी ठेवावी. तो आपण होऊन कुशीत शिरला तर खुशाल घ्यावा. बळेच पकडून ठेवू नये.

एकटं राहण्याची चिंता हा वेगळा प्रकार. मालक बाहेर पडला की कुत्रा दार ओरबाडतो, ओरडतो, घरात घाण करतो. परत आल्यावर तो मान खाली घालून डोळे चुकवतो आणि मालक म्हणतो, ‘बघा, याला कळतं काय केलंय ते!’ कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक ॲलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हे तपासलं. गुन्हा केलेला असो वा नसो, मालक रागावला की कुत्र्याचा चेहरा ‘अपराधी’ होत होता. रागावणं बिनगुन्ह्याचं असलं तरीही. तो चेहरा आपल्या रागाला दिलेलं उत्तर आहे. मग ओरडून साधतं काय, तर दाराबाहेर जाणारा माणूस परततानाही धोक्याचा असतो, एवढीच भर पडते.

इथेही तीच मात्रा लागते, फक्त मोजायची असते अनुपस्थिती. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या, कुठेही न जाता. चपला घालून सोफ्यावर बसायचं. किल्ल्यांच्या आवाजाने कुत्र्याने डोकंही वर केलं नाही की पुढची पायरी: दाराबाहेर पाऊल आणि लगेच आत. मग काही सेकंद, मग मिनिट. काम कंटाळवाणं आहे, आठवडे जातात, आणि या काळात कुत्र्याला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वेळ एकटं ठेवलं तर केलेलं बरंचसं वाया जातं. मोबाइलचा कॅमेरा लावून पाठीमागे काय घडतं ते पाहणं सर्वांत उपयोगी; दार फोडणारा कुत्रा घाबरलेला आहे की नुसता कंटाळलेला, हे तिथे दिसतं. घाबरलेल्याला पिंजऱ्यात कोंडण्याचा मोह टाळावा. सुटण्याच्या धडपडीत अशी कुत्री दात आणि नखं मोडून घेतात.

वयस्क कुत्रा एकाएकी आवाजाला भिऊ लागला तर मात्र प्रशिक्षकाआधी पशुवैद्य गाठावा. 2018 साली ब्राझील आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या 20 कुत्र्यांच्या नोंदींची तुलना केली: दहा सांधे-स्नायूंचं दुखणं असलेले, दहा नसलेले. दुखणं असलेल्यांची भीती इतरांपेक्षा सरासरी चार वर्षं उशिरा सुरू झालेली होती. आवाजाने दचकताना अंग आखडतं, दुखऱ्या सांध्यातून कळ येते आणि मेंदू ती कळ त्या आवाजाच्या नावावर लिहितो, असा त्यांचा कयास आहे. दुखणं सापडून उपचार सुरू झाल्यावर अशा कुत्र्यांपैकी बहुतेकांत सुधारणा दिसली.

औषधाचं नाव काढलं की ‘गुंगीत ठेवायचं का त्याला’ असा प्रश्न येतो. एके काळी ॲसेप्रोमाझिन दिलं जायचं, त्याच्याबाबतीत तो प्रश्न रास्त होता. शरीर सुस्त होतं आणि भीती आत तशीच राहते. आताची औषधं त्या जातीची नाहीत. एकटेपणाच्या चिंतेसाठी क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही वापरात आहेत. अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला कुत्र्यांसाठी 2007 साली मान्यता मिळाली, तीही वर सांगितल्यासारख्या सरावाच्या जोडीने द्यायचं या अटीवर. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आवाजाच्या भीतीसाठी गाल आणि हिरडीमध्ये लावायचं डेक्समेडेटोमिडिनचं जेल आहे. ते गिळलं तर उपयोग होत नाही, आणि शक्यतो आवाज सुरू होण्याआधी किंवा भीतीची पहिली खूण दिसताच लावायचं असतं. घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून कुत्र्याला देणं हा मात्र उपाय नव्हे: मात्रा वेगळी असते आणि माणसांच्या काही औषधांत साखरेऐवजी गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल कुत्र्यासाठी विषारी असतं.