स्विच रॉड म्हणजे आखूड स्पे रॉड नव्हे

दोन हातांनी चालवायचा फ्लाय रॉड, म्हणजे लाईनच्या (जाड दोरीच्या) वजनावर हलकी नकली माशी फेकून मासे धरायची काठी, पहिल्यांदा घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकाच जागी अडकतो. समोर 13 फुटी स्पे रॉड असतो, शेजारी 11 फुटी स्विच रॉड. दोघांनाही खाली दुसऱ्या हातासाठी मूठ, दोघांवरही लाईनच्या वजनाचा 7 हाच आकडा. मग वाटतं, फरक काय तो दोन फुटांचा. आखूड घेऊ, हलका पडेल, शिकायला सोपा जाईल. शिकायला सोपा? माझ्या मते नेमकं उलटं आहे.

स्पे ही स्कॉटलंडमधली नदी. काठावर झाडी आणि दरडी असल्या की लाईन मागे फेकायला जागाच उरत नाही. तिथे सॅमन मासे धरणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वेगळीच फेक बसवली. लाईन मागे हवेत पूर्ण उलगडूच द्यायची नाही. तिचं पुढचं टोक शेजारच्या पाण्याला टेकवायचं; त्याला अँकर म्हणतात, आणि खरोखरच ते नांगरासारखं धरून ठेवतं. उरलेली लाईन रॉडच्या मागे इंग्रजी डी अक्षराच्या पोटासारखी फुगते. त्या पोटाच्या वजनाने रॉड वाकतो आणि पुढची फेक सुटते. रॉड जितका लांब तितकं हे पोट मोठं करता येतं, लाईन पाण्यातून उचलायला उंची मिळते आणि सगळी हालचाल संथ होते. आजचे स्पे रॉड साधारण साडेबारा ते 15 फुटांचे असतात. जुने लाकडी तर 18 फुटांपर्यंत जायचे.

स्विच रॉड साधारण साडेदहा ते पावणेबारा फुटांचा. डोक्यावरून एका हाताने फेका किंवा दोन्ही हातांनी स्पे फेक करा, दोन्ही चालावं ही त्यामागची कल्पना. पण जड लाईन लावून 11 फुटी रॉड एका हाताने फेकत राहिलात, तर दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं. एका हाताची सोय म्हणून तो घेऊ नये. त्याची खरी जागा मध्यम रुंदीच्या नदीत, खाली झुकलेल्या फांद्यांखाली आणि जवळच्या धारेत माशी वाहू देत लाईन नीट करत राहायची असते तिथे. या कामात 13 फुटी रॉड अवजड होतो.

आता त्या 7 आकड्याबद्दल, कारण खरी फसगत तिथेच होते. एका हाताच्या 7 नंबरच्या लाईनचे पहिले 30 फूट 185 ग्रेन भरतात, म्हणजे जेमतेम 12 ग्रॅम. 7 नंबरच्या स्पे रॉडला लागणारं लाईनचं पुढचं जड अंग, म्हणजे हेड, 500 ग्रेनच्या आसपास असतं. 32 ग्रॅमहून जास्त. स्विचचा 7 या दोहोंच्या मध्ये पडतो. आकडा एकच, वजनं तीन. म्हणून आकडा बघून लाईन घेऊ नका, त्या रॉडसाठी सांगितलेले ग्रेन बघा. लांबीचंही तसंच. 13 फुटी रॉडचं लांब हेड 11 फुटीला लावलं, की पाण्यात जास्त लाईन चिकटून राहते, पोट धरत नाही, आणि दोष रॉडच्या माथी जातो.

त्यामुळे दोन रॉड ताडून बघायचे तर प्रत्येकाला त्याच्या मापाचं हेड, पण जात एकच: दोन्हींवर आखूड, जड स्कॅजिट किंवा दोन्हींवर लांबट, हलकं स्कँडी. आणि बघायचे ते पाण्यात. दुकानात रॉड हलवून काही कळत नाही, गवतावरही फारसं नाही, कारण साध्या लीडरला, म्हणजे लाईनच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला, गवत पाण्यासारखं धरत नाही. गुडघाभर वाहत्या पाण्यात उभे राहा आणि माशीच्या जागी लोकरीचा झुबका बांधा. वारा प्रवाहाबरोबर खाली वाहत असेल तर डबल स्पे नावाची फेक करा, म्हणजे लाईन वाऱ्याआडच्या बाजूला राहील. वारा उलटा, वरच्या अंगाला वाहत असेल तर सिंगल स्पे ही फेक.

आधी 13 फुटी हातात घ्या. वरचा हात नुसता टेकू, जोर खालच्या हाताने स्वतःच्या पोटाकडे ओढण्यात. सुरुवातीला वरचाच हात ढकलतो आणि लाईन पुढे ढिगारा होऊन पडते. कान द्या: अँकर नीट बसला असेल तर लाईन पाण्यातून आखूड, कोरडा आवाज करत सुटते, जास्त लाईन चिकटली असेल तर लांबलचक चर्र ऐकू येतं. लांब रॉड इथे वेळ देतो. चूक कुठे झाली ते फेक चालू असतानाच जाणवतं.

मग त्याच जागी 11 फुटी घ्या. हात आपोआप आधीचाच मोठा वळसा घेतात आणि अँकर मागे घसरून सुटतो. हालचाल लहान केली, खालचा हात अंगाजवळ ठेवला की तोच रॉड चोख चालतो, पण अँकर हातभर इकडेतिकडे पडला तरी तो सांभाळून घेत नाही. म्हणून पहिला रॉड 13 फुटी घ्यावा असं मी म्हणतो. तुमची नदीच अरुंद असेल, तर मात्र खुशाल स्विच घ्या आणि पहिले काही दिवस फक्त अँकर कुठे पडतो तेवढंच बघा.