अंधूक आकाशस्थ वस्तूंच्या छायाचित्रणातील फोकस (सोलापूर परिसर)

देवयानी दीर्घिका किंवा मृग नक्षत्रातला तेजोमेघ अशा अंधूक वस्तूंचे लांब एक्स्पोजर घेताना कॅमेऱ्याचा सेन्सर दुर्बिणीच्या नाभीपातळीवर (जिथे प्रतिमा सर्वांत रेखीव उमटते तिथे) नेमका आणणे आणि रात्रभर तिथेच राखणे, ही या छायाचित्रणातली सर्वांत निर्णायक पायरी. बाकीच्या बऱ्याच उणिवा संगणकावर झाकता येतात, पण सुटलेला फोकस परत मिळत नाही.

मूळ वस्तू लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात) दिसतच नाही, म्हणून फोकस ठळक ताऱ्यावर साधतात. सोलापुरातून हिवाळ्यात ब्रह्महृदय किंवा रोहिणी, उन्हाळ्यात स्वाती सोयीचा. दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे तिरप्या चिरा पाडलेली जाळी (२००५, पावेल बाहतिनोव्ह) लावला की ताऱ्यातून तीन रेघा फुटतात. दोघींची फुली होते आणि तिसरी फोकसच्या घुंडीबरोबर सरकते. ती बरोबर फुलीच्या मध्यातून गेली की फोकस जुळला. मग फोकस पक्का करणारा स्क्रू आवळून पुन्हा पाहावे, कारण आवळतानाही रेघ हलते. आणि मास्क काढायला विसरू नये.

एफ/५ दुर्बिणीत (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) फोकसमध्ये चालण्याजोगी चूक जेमतेम ६५-७० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीइतकी. अ‍ॅल्युमिनियमची एक मीटर नळी तापमान एक अंश उतरले की सुमारे २३ मायक्रॉन आखडते. सोलापूरजवळच्या नान्नज गावाच्या बाजूच्या माळरानावर हिवाळ्यात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पारा चांगलाच घसरतो. दहा अंशांची घसरण म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फरक. त्यामुळे संध्याकाळी जुळवलेल्या फोकसवर विसंबणे चूक. दुर्बीण आधी तासभर बाहेर ठेवावी आणि दर दोन-तीन अंशांना फोकस पुन्हा तपासावा. फिल्टर बदलला तरी तपासावा.

उन्हाळ्यात अडचण वेगळी. दिवसभर तापलेली जमीन रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते, हवा खदखदते आणि तारे फुगतात. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सोलापुरातून क्षितिजापासून जास्तीत जास्त २५ अंशच वर येतो, तिथे हा दोष वाढतो. अशा वेळी फोकस बिघडला असे समजून घुंडी फिरवत बसू नये. डोक्यावरच्या ताऱ्यावर फोकस साधून मग दुर्बीण खाली आणणे बरे. मात्र आरसा सरकवून फोकस होणाऱ्या दुर्बिणीत दिशा बदलताच आरसा किंचित कलतो. तिथे त्याच भागातल्या एखाद्या ताऱ्यावर पुन्हा पडताळावे लागते.